फजरनंतरची वीस मिनिटं



ध्यानावर मी बोलणार हे कळल्यावर माझा धाकटा भाऊ हसत सुटला. घरात माझी ओळख तापट म्हणूनच आहे.

चार वर्षांपूर्वी इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेलो. पहाटे चारला घंटा, फोन जमा, बोलणं बंद. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. तो लांबवायचा नाही, मोजायचा नाही. नाकाशी येतो-जातो तेवढं बघायचं, मन पळालं की परत आणायचं. तिसऱ्या दिवशी मी बॅग भरली होती. गुडघे दुखत होते आणि कंटाळा तर विचारू नका!

शिबिरापुरते सगळ्याच धर्मांचे विधी बाजूला ठेवायला सांगतात. अम्मीला हे खटकलं. तिच्यापासून मी ते लपवलं नाही. आज माझी नमाज आहे तशीच आहे, आणि फजरनंतर वीस मिनिटं श्वासही. खरं तर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात, माझ्याने तेवढं होत नाही.

फायदा काय झाला? मागच्या वर्षी पुण्यात भाड्याने घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरलं. मग मालकाने नाव विचारलं आणि म्हणाला, "आमच्या सोसायटीत चालत नाही." पूर्वी मी आरडाओरडा केला असता आणि रात्रभर छाती धडधडत राहिली असती. या वेळी कान तापलेत, दात आवळले गेलेत, हे मला त्याच क्षणी कळलं. एक श्वास घेतला आणि म्हणालो, "हे मला लेखी द्या." तो गडबडला. घर मिळालं नाहीच, पण त्या रात्री मला झोप लागली. सकाळी सोसायटीला पत्र लिहिलं, एकही शिवी न घालता. ते मला जास्त कठीण गेलं.

शांत राहायचं म्हणजे गप्प बसायचं का, असं एका मैत्रिणीने विचारलं. माझा अनुभव उलटा आहे. ओरडत होतो तेव्हा माझं म्हणणं कोणी ऐकतच नव्हतं. सगळे माझ्या आवाजावरच बोलायचे.

एक मात्र सांगतो. मन फारच खचलं असेल, आठवडेच्या आठवडे झोप उडाली असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. ध्यान हे औषध नाही.

प्रश्न नंतर घेऊ. आधी पाच मिनिटं बसून बघू या. फोन सायलेंटवर टाका, पाठ ताठ, डोळे मिटा.