बडग्याचा कागद



नागपुरात कागदाला वर्षभर कामं असतातच. वही, बिल, लग्नपत्रिका, संक्रांतीला जुनी शुक्रवारीतून आणलेला पतंग, फुटाण्यांची पुडी. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला मात्र आमच्याकडे पन्नीच लागते, तेव्हा ते पाप कागदाच्या माथी नको. पोह्या-भज्यांखाली वर्तमानपत्राचा तुकडा असायचा. छपाईच्या शाईतली घातक द्रव्यं पोटात जातात म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६ मध्ये त्याविरुद्ध सूचना काढली. ठेलेवाल्यांनी ती किती मनावर घेतली, ते तुम्ही रोज पाहताच. पण या शहरात कागदाचा खरा मान बघायचा असेल, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारीत यावं. त्या दिवशी मिरवणुकीनं मारबतीचा पुतळा निघतो आणि त्याच्याबरोबर बडगे, म्हणजे कागदी पुतळे.

मारबती दोन. काळी निघते १८८१ पासून आणि जागनाथ बुधवारीतली तऱ्हाने तेली समाजाची पिवळी १८८५ पासून. दोघींची नेहरू पुतळ्यापाशी गळाभेट होते, तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नसते. काळीबद्दल एक गोष्ट हमखास सांगतात. भोसल्यांच्या घराण्यातल्या बाकाबाईंनी इंग्रजांशी हातमिळवणी केली, त्या रागातून हा काळा पुतळा निघाला म्हणे. आता बाकाबाई वारल्या १८५८ मध्ये, आणि मारबत निघू लागली त्यानंतर तेवीस वर्षांनी. एवढा काळ राग धरून बसायला आपण नागपूरकर कमी नाही, हे कबूल. तरी मला वाटतं, गोष्ट मागून चिकटली असावी. कारण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा, खोकला, रोगराई घेऊन जा असं मारबतीला ओरडून सांगायचं आणि तिला गावाच्या शिवेबाहेर घालवायचं, ही रीत विदर्भातल्या खेड्यापाड्यांत आहेच. पावसाळ्याच्या अखेरीस घरोघरी आजारपण असायचं. ते कुणाच्या तरी डोक्यावर लादून बाहेर काढायचं. शहरानं त्या रीतीला राजकारण जोडलं.

ते जोडलं बडग्याच्या रूपानं. मारबत बाई, बडग्या पुरुष. मारबतीची पूजा होते, तिच्यापुढे लेकरं आणून धरतात, नवस बोलतात. बडग्याच्या वाट्याला फक्त शिव्या. त्या वर्षी शहराला ज्याचा संताप आला, त्याचा बडग्या बनतो. महागाईचा, लाचखाऊ बाबूचा, खड्ड्यांचा, अतिरेक्यांचा. बडग्याच्या गळ्यात पाटी असते, आणि पाटीवरची भाषा अशी, की मला ती रेडिओवरून वाचता येणार नाही.

बडग्या बनतो कसा, ते जवळून बघण्यासारखं आहे. ओला बांबू उभा चिरून त्याच्या कामट्या काढतात. कामट्यांची कडी करून डोकं, आडव्या-उभ्या कामट्या सुतळीनं आवळून धड. आत तणस कोंबतात. मग रद्दी. मैद्याची खळ शिजवायची, तिच्यात किडीसाठी चिमूटभर मोरचूद, आणि वर्तमानपत्राच्या पट्ट्या एकावर एक चिकटवत जायचं. पहिला थर ओला असतो तोवर पुतळा दीनवाणा दिसतो, खांदे पडलेले. थर वाळले की अंग ताठ होतं, टिचकी मारली तर खणखणतं. वरून पांढरा कागद, त्यावर रंग, शेवटी मिशा. मुलं मिशांवर सगळ्यात जास्त वेळ घालवतात. अडचण एकच. हे सगळं श्रावणाच्या शेवटी चालतं, हवा दमट, खळ वाळता वाळत नाही. मिरवणुकीत सर आली तर कागदावरचा रंग ओघळून मंत्र्याचा पांढरा सदरा गुलाबी होतो. लोकांना त्याचाही आनंदच.

आता या बडग्याच्या हाडांकडे आणि कातडीकडे एकदा बघा. हाडं बांबूची. कातडी कागदाची, आणि विदर्भात कागद म्हणजे कितीतरी वर्षं बांबूच. चंद्रपूर जिल्ह्यात बल्लारपूरची पेपर मिल १९४५ मध्ये स्थापन झाली, ती चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातल्या बांबूच्या भरवशावर. बांबूचे तुकडे कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात, दाबाखाली शिजवायचे, चोथ्याचा लगदा करायचा, तो धुऊन पांढरा करून जाळीवर पसरायचा. गाडी बल्लारशाला, म्हणजे बल्लारपूरच्या स्टेशनात, आली हे प्रवाशांना पाटी वाचण्याआधी नाकानं कळायचं. वर्तमानपत्राच्या कागदाचंही तसंच. नेपानगरची गिरणी उभारायचं ठरलं ते मध्य प्रांत-वऱ्हाडात, ज्याची राजधानी आपलं नागपूर होतं. १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिथं सलईचं लाकूड आणि बांबू लागायचा.

म्हणजे एकाच जंगलातला बांबू बुरडाच्या कोयत्याखाली गेला की कामटी, गिरणीच्या हौदात गेला की कागद. पण जंगलात राहणाऱ्याला तो तोडून विकायची मुभा नव्हती, कारण कायद्याच्या पुस्तकात या गवताची नोंद झाड म्हणून होती. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं वनहक्क कायद्याखाली लढून सामूहिक हक्क मिळवला. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती दिले. हे परवानेही कागदच, आणि विदर्भात निघालेल्या कागदांमध्ये मी त्यांना फार वरचं स्थान देतो. जंगलाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून काढायला २०१७ साल उजाडलं.

बडगे कागदाचे आहेत म्हणूनच ते निर्भीड आहेत, असं माझं मत आहे. दगडाचा पुतळा बसवायचा तर समिती लागते, निधी लागतो, उद्घाटनाला पाहुणा लागतो. मग त्या पाहुण्याला दुखवून कसं चालेल? रद्दी, तणस आणि चार बांबू यांना कुणाची वर्गणी लागत नाही. संध्याकाळी बडग्या जाळायचाच असल्यामुळे तो जपावाही लागत नाही. पुढच्या वर्षी नवा राग, नवा पुतळा.

म्हणून अलीकडे जे दिसतं ते खटकतं. बडग्याच्या अंगाला फ्लेक्सचं कापड, हातापायांना थर्माकोल, डोक्याला छापील फोटो. एक तर चेहरा छापला की कारागिरी संपली. मिशा काढायला पोरगं उरत नाही. दुसरं म्हणजे हे जळतं तेव्हा निघणारा काळा धूर वस्तीतल्याच लोकांच्या छातीत जातो. खोकला घेऊन जा म्हणायचं आणि खोकलाच मागे ठेवून घरी यायचं, हा कुठला न्याय? थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. बडग्यासाठी वेगळ्या फतव्याची वाट कशाला बघायची?

इतवारी, महाल, बुधवारीतल्या मंडळांना माझं एवढंच सांगणं आहे. येत्या पोळ्याच्या आठ दिवस आधी घरोघरची रद्दी गोळा करा, बुरडाकडून बांबू आणा आणि खळ शिजायला ठेवा. विषय शोधत हिंडायची गरज नाही. चिकटवता चिकटवता रद्दीतल्या बातम्या वाचा, भरपूर सापडतील.