वृंदात बसताना

(सुवर्णमहोत्सवासाठी उभ्या राहत असलेल्या मंडळाच्या वाद्यवृंदाच्या पहिल्या तालमीपूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवात आपल्याच घरच्या माणसांचा वाद्यवृंद असावा, असा ठराव कार्यकारिणीने संमत केला आहे. तो एकमताने झाला नाही, हे येथे सांगण्यास हरकत नसावी. तयार ट्रॅक आणावा, तो खिशातून येतो, चुकत नाही, रुसत नाही आणि चहाही मागत नाही, असे एका पक्षाचे म्हणणे होते. ते अगदीच टाकाऊ होते असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही दुसऱ्या पक्षात होतो, आणि आमचे कारण एकच होते. ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. मंडळाच्या पहिल्या गणेशोत्सवापासून ज्या गात आल्या, त्या आपल्या ज्येष्ठ काकू या वेळी दोन नाट्यपदे म्हणणार आहेत. गळा अजून गोड आहे, पण वयोमानाप्रमाणे श्वास पूर्वीसारखा पुरत नाही. ओळीच्या मध्यावर त्यांना क्षणभर थांबावे लागले, तर ट्रॅक पुढे निघून जाईल आणि भरल्या सभागृहात त्या एकट्या मागे राहतील. माणसांचा वृंद थांबू शकतो. आता तो खरोखरच थांबतो की नाही, हे सर्वस्वी तुमच्या हाती आहे, आणि म्हणूनच वाद्यांना हात लावण्यापूर्वी चार शब्द बोलण्याची परवानगी आम्ही मागून घेतली.

आम्ही संगीतशास्त्राचे पंडित नव्हे. पदवी बी.ए.ची, आणि उभी हयात केंद्र सरकारच्या कचेरीत फायली पुढे सरकवण्यात गेली. मात्र या नोकरीत बदल्या फार, आणि जेथे बदली होईल तेथे पेटी बरोबर नेण्याचा आमचा परिपाठ. भजनी मंडळे, वसाहतींतले गणेशोत्सव, नाट्यपदांच्या मैफली असे करीत तीस वर्षे इतरांच्या मागे बसून वाजवले. पुढे बसणाऱ्याला जे दिसत नाही, ते मागे बसणाऱ्याला दिसते. तेवढाच आमचा अधिकार.

तुम्ही अकराही जण आपापल्या वाद्यात कच्चे नाही. पण तुमच्यापैकी प्रत्येक जण एकेकटा शिकला आहे. आपल्याकडची विद्याच तशी: समोर गुरू, समोरासमोर शिष्य, आणि पुढे मैफलीत आपला स्वर उठून कसा दिसेल याचा अभ्यास. वृंदात नेमके उलटे करावे लागते. येथे आपला स्वर उठून दिसला, तर बहुधा काहीतरी बिघडलेले असते. नव्या वादकाला हा पालट जड जातो. कित्येक उत्तम वादक वृंदात निरुपयोगी ठरलेले आम्ही पाहिले आहेत, आणि बेताचेच वाजवणारे कित्येक जण असे की ज्यांच्यावाचून वृंद उभा राहत नसे.

वृंद ही पाश्चात्त्यांची गोष्ट, आपली नव्हे, असे कोणी म्हणेल. त्याने पंढरीच्या वाटेवरची दिंडी आठवावी. दोन रांगांत समोरासमोर टाळकरी, मध्ये पखवाज आणि वीणा घेतलेला विणेकरी. शंभर टाळ एका क्षणी पडतात आणि एका क्षणी उठतात, आणि त्या शंभरांत माझा टाळ वेगळा ऐकू यावा असे कोणाच्या मनात येत नाही. विणेकऱ्याकडे सगळ्यात मोठा मान, पण त्याच्या हातची वीणा केवळ आधारस्वर देत असते. नवखा टाळकरी जुन्याच्या शेजारी उभा राहतो आणि त्याच्या हाताकडे पाहत पाहत शिकतो. आपल्या वृंदातील दोन्ही झांजवाद्ये वाजवणाऱ्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे. त्यांच्या वाद्याला लहान समजणारा मनुष्य दिंडीत कधी चाललेला नसावा.

आणि मुलूख सोडून आलेल्या मराठी माणसांनी या दक्षिण देशी पाश्चात्त्य वाद्यांचा मेळ पूर्वीही बसवला आहे. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत दरबारी पाश्चात्त्य पद्धतीचा बँड बाळगला होता. त्याच काळात व्हायोलिन हे परदेशी वाद्य दक्षिणेच्या संगीतात शिरले आणि असे रुजले की आज त्याला कोणी परके म्हणत नाही. मुत्तुस्वामी दीक्षितरांसारख्या थोर रचनाकाराने इंग्रजी बँडच्या चालींवर संस्कृत पदे रचली. ऐकून घेण्याची तयारी असली म्हणजे काय होते, याचा हा दाखला.

ज्या नगरात आपण राहतो त्या म्हैसूरची परंपरा तर याहून मोठी. नाल्वडी कृष्णराज वाडियार स्वतः अनेक वाद्ये वाजवीत. त्यांच्या दरबारात वैणिक व गायक होतेच, परंतु राजवाड्याचे वाद्यवृंदही होते, एक पाश्चात्त्य धाटणीचा व एक कर्नाटक संगीताचा. पाश्चात्त्य वृंदाला ऑटो श्मिट नावाचे जर्मन संचालक होते. वैणिक वेंकटगिरियप्पांसारखा विद्वान वृंदासाठी रचना करण्यात कमीपणा मानीत नसे. पुढचे महाराज जयचामराजेंद्र यांचा लौकिक तर लंडनपर्यंत पोहोचला. १९४८ साली ते तेथील फिलहार्मोनिया कॉन्सर्ट सोसायटीचे पहिले अध्यक्ष झाले. मेड्टनर या रशियन रचनाकाराचे संगीत ध्वनिमुद्रित व्हावे म्हणून त्यांनी आपला पैसा खर्च केला, आणि त्या रचनाकाराने आपला तिसरा पियानो कॉन्चेर्टो त्यांना अर्पण केला. हेच महाराज कर्नाटक संगीतात कृती रचीत. संस्थाने गेली, पण कर्नाटक पोलिसांच्या बँडमध्ये इंग्लिश बँड व कर्नाटक बँड अशा दोन शाखा आजही आहेत. दसऱ्यात राजवाड्यासमोर त्यांचे वादन असते. यंदा ते केवळ ऐकू नका, पाहा. ज्यांना त्या वेळी वाजवायचे नसते ते वादक काय करतात, तिकडे लक्ष द्या. ते मोजत असतात. वाद्य मांडीवर असते, ओठ मिटलेले असतात, पण मनात मात्रा चाललेली असते. वृंदातली शांतता रिकामी नसते.

आता कामाचे बोलू.

प्रथम स्वर. आपल्याकडे व्हायोलिने दोन, पैकी एक कर्नाटक पद्धतीने मिळवलेले व दुसरे पाश्चात्त्य. शिवाय बासरी, क्लॅरिनेट, गिटार, कीबोर्ड, पेटी, तबला आणि मृदंग. षड्ज पांढरी एकचा ठरला आहे. पण कोणाची पांढरी एक? कीबोर्ड कारखान्यातून येतो तो १९३९ च्या लंडन परिषदेने ठरवलेल्या मापाने, म्हणजे पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांची. आमची पेटी जुनी, तिचे सूर त्याहून किंचित वेगळे आहेत आणि ते जागच्या जागी हलवता येत नाहीत. कीबोर्डला बारीक स्वर वरखाली करण्याची सोय असते. तेव्हा नियम असा की जे वाद्य हलू शकत नाही, त्याला इतरांनी मानावे. यात पेटीचा मोठेपणा नाही, तिची अडचण आहे. क्लॅरिनेटवाल्यांनी आपले गणित आधीच करून यावे. त्यांच्या वाद्यावरचा पहिला स्वर प्रत्यक्षात काळी पाच निघतो, म्हणून आपला षड्ज त्यांना एक पूर्ण स्वर वर वाजवावा लागेल.

एकदा मिळवले म्हणजे काम संपले, असेही नाही. फुंकीची वाद्ये वाजवता वाजवता तापतात आणि चढतात. तारा उष्णतेने सैल होऊन उतरतात. आणि म्हैसूरला पावसाच्या झडीत तबल्याची पुडी दमट होऊन बसते, हे आपण दर गणेशोत्सवात अनुभवतो. म्हणजे दहा मिनिटांत निम्मे वृंद वर गेलेले, निम्मे खाली आलेले, आणि कीबोर्ड मात्र निर्विकार. म्हणून दोन गीतांमधल्या अवकाशात हळूच पुन्हा मिळवावे. हळूच म्हटले; निवेदक बोलत असताना हातोडी चालवू नये.

दुसरी गोष्ट लय. तबला आणि मृदंग एकत्र कसे नांदणार, अशी काळजी काहींनी बोलून दाखवली. आदितालाची अक्षरे आठ, चार-दोन-दोन अशी. केरव्याच्या मात्राही आठच. हिशेब जुळतो. जुळवायचे असते ते मन. दोघांनीही एकाच वेळी हात दाखवायचा ठरवला तर गायिकेचा शब्द बुडतो. एकाने भरावे तेव्हा दुसऱ्याने साधा ठेका धरावा, आणि काकू गात असताना दोघांनीही साधेच वाजवावे. अहमदजान थिरकवाँसारखा तबल्याचा सम्राट गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या साथीला बसत असे. एकट्याने तबला वाजवून मैफल जिंकणारा हा मनुष्य. पण तेथे त्याचे काम पदाला आधार देण्याचे होते. ज्यांनी ती साथ ऐकली त्यांनी तिच्या संयमाची वाखाणणी केली आहे. साधा ठेका हे कमी दर्जाचे काम आहे, असे आमच्या तरुण तबलजींनी मानू नये.

लय बहुधा चढते, उतरत नाही. श्रोत्यांनी टाळ्या धरल्या की वृंद धावू लागतो, आणि अशा वेळी पेटीवालाच पहिला घसरतो, असे तबलजी म्हणतात. आम्ही यावर मत देत नाही. टाळ्यांकडे लक्ष न देता तबल्याकडे द्यावे. पायाने ठेका आपटू नये, फळ्यांचा रंगमंच ढोलासारखा घुमतो.

महोत्सवाच्या सकाळी ग्रंथदिंडी निघणार आहे, तेथे प्रश्न निराळा येतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे ओळीच्या टोकाला चौतीस मीटरवर असलेल्याला पुढचा ठोका एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० मात्रांची चाल असेल तर हा मात्रेचा पाचवा हिस्सा झाला. कानावर विसंबून वाजवणारा मागचा मनुष्य तेवढा मागे पडणारच. यास्तव चालत्या बँडमध्ये पुढाऱ्याच्या हातातल्या दंडाकडे डोळा ठेवतात. विजयादशमीच्या जंबूसवारीत पोलीस बँड जाताना हे सहज दिसेल. रंगमंचावर कान, रस्त्यावर डोळा.

आता सर्वांत महत्त्वाचे. वाजवताना कोणीतरी चुकणार, हे धरून चाला. चुकलेल्याने ओढाताण करून गाठण्याचा प्रयत्न करू नये. हात थांबवावा, सम कोठे येते ते ऐकावे आणि समेवर पुन्हा शिरावे. श्रोत्यांना बहुतेक वेळा कळतही नाही. कळते ते शेजाऱ्याने वळून डोळे वटारले म्हणजे. एका गावी, नाव सांगत नाही, व्हायोलिनवाल्याने भर कार्यक्रमात बासरीवाल्याकडे असे पाहिले की पुढची दोन वर्षे त्या दोन्ही घरांतले हळदीकुंकू बंद होते. कचेरीत एकाची चूक दुसऱ्याच्या टेबलावर उद्या पोहोचते, तोवर निस्तरता येते. वृंदात फाईल सर्वांच्या टेबलावर एकाच क्षणी असते. तेव्हा चूक कोणाची हे तालमीनंतर बोलावे, आणि तेही चहाबरोबर.

काकूंच्या पदांविषयी एवढेच. पेटी त्यांच्या सर्वांत जवळ राहील. त्या श्वासासाठी थांबल्या की आम्ही स्वर धरून ठेवू. तबल्याने ठेका चालू ठेवावा, मृदंग व झांजांनी हात उचलावेत, आणि बाकीच्यांनी आमच्या डाव्या हाताकडे पाहावे. भाता थांबलेला दिसला की कोणीही पुढची ओळ सुरू करायची नाही. त्या एका आवर्तनाने थांबोत की दोन, ओळ त्याच उचलतील. हे आपण प्रत्येक तालमीत मुद्दाम करून पाहणार आहोत, न सांगता, कोठेही. तुमच्यापैकी काहींना मराठी कानडीच्या मानाने अडखळत येते, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांनी पदांचा अर्थ घरी आजी-आजोबांना विचारून यावे. गाणारा मनुष्य शब्द कोठे सोडील, हे अर्थ कळल्याशिवाय कळत नाही.

पालकांना एक विनंती. आपल्याच मुलाच्या तुकड्यावर टाळी वाजवू नये, आणि मोबाइल उंच धरून त्याच्या व आमच्या मध्ये उभे राहू नये.

तालीम दर रविवारी दुपारी चार वाजता. चारला वाद्ये मिळालेली असावीत. पेट्या उघडण्याची वेळ पावणेचारची. आपापला भाग घरी पाठ करून यावे, तालीम ही भाग शिकण्याची जागा नव्हे. जादा तारा, व्हायोलिनची राळ, हातोडी आणि एक शिसपेन्सिल प्रत्येकाने आपली आणावी. आज मात्र वाजवायचे नाही. आज अकरा जणांनी मिळून केरव्याच्या आठ मात्रा हाताने द्यायच्या, पाच मिनिटे, न चढता. चला, बसा. तबलजी, सुरुवात तुम्ही करा.