कप्प्यात न बसणारी पुस्तकं



पदवीदान समारंभात पाहुण्याने यशाचा मंत्र द्यावा, अशी अपेक्षा असते. माझ्याकडे मंत्र नाही, एका लेखिकेची हकीकत आहे.

उर्सुला के. ले ग्विन यांचा जन्म १९२९चा, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा. वडील आल्फ्रेड क्रोबर नामांकित मानववंशशास्त्रज्ञ. अकराव्या वर्षी मुलीने विज्ञानकथांच्या मासिकाला कथा पाठवली, ती साभार परत आली. पुढे कोलंबिया विद्यापीठाची एम.ए., मग पीएच.डी.साठी फुलब्राइट शिष्यवृत्ती. १९५३ मध्ये फ्रान्सला जाणाऱ्या बोटीवर इतिहासाचे अभ्यासक चार्ल्स ले ग्विन भेटले, त्याच वर्षी पॅरिसमध्ये लग्न झालं आणि पीएच.डी. मागे पडली. कुलगुरूंसमोर हे सांगतोय, त्यांनी सांभाळून घ्यावं.

त्या दशकात बाईंनी पाच कादंबऱ्या लिहिल्या. एकही छापली गेली नाही. यातलं बरंचसं लेखन ‘ऑर्सिनिया’ नावाच्या देशात घडणारं. हा देश मध्य युरोपातला, पण नकाशावर नसलेला. त्यात जादू नव्हती, म्हणून ती फॅन्टसी नव्हे. देशच खोटा, म्हणून वास्तववादीही नव्हे. असं लेखन प्रकाशकाने ठेवायचं कुठे?

इथे बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: लिहिणं सोडतात किंवा खपेल ते लिहू लागतात. उर्सुलाबाईंनी तिसरी वाट धरली. कल्पनेला मोकळं रान देणारी विज्ञानकथांची मासिकं त्यांनी पुन्हा हाती घेतली. साहित्यिक वर्तुळात या मासिकांना मान नव्हता, पण ती छापत होती आणि मानधनही देत होती. १९६२ मध्ये ‘फॅन्टास्टिक’मध्ये त्यांची कथा आली. १९६४ मध्ये त्याच मासिकात बेटांच्या आणि जादूगारांच्या दोन कथा आल्या. घरात तीन मुलं होती. ती झोपली की रात्री लेखन.

मग बर्कलीच्या पार्नासस प्रेस या छोट्या प्रकाशनाने मोठ्या मुलांसाठी पुस्तक मागितलं आणि त्या बेटांवर १९६८ मध्ये ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ उभी राहिली. तिचा नायक गेड तांबूस-सावळ्या वर्णाचा आहे, आणि हे त्यांनी जाणूनबुजून केलं. पुढच्याच वर्षी ‘द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस’ आली, तिला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले. आणि ऑर्सिनिया? त्या देशातली ‘मालाफ्रेना’ ही कादंबरी १९५०च्या दशकात सुरू झालेली. ती १९७९ मध्ये प्रकाशित झाली.

यशोगाथा इथे संपवता येते. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढचंच.

अर्थसीच्या पहिल्या तीन पुस्तकांत विद्यापीठी थाटाची जादूची शाळा आहे, आणि तिथे फक्त पुरुषांना प्रवेश. बायकांची जादू दुबळी, नाहीतर दुष्ट. हा नियम दुसऱ्या कुणी लादला नव्हता, बाईंनीच लिहिला होता. १९७२ मध्ये तिसरं पुस्तक आलं, वाचक खूश होते. तरी अठरा वर्षांनी, १९९० मध्ये, त्या ‘तेहानू’ घेऊन परतल्या. त्यात गेडची शक्ती संपलेली आहे आणि कथेच्या केंद्रस्थानी एक मध्यमवयीन विधवा आणि आगीत होरपळलेली एक पोर आहे. काही जुने वाचक नाराज झाले. बाईंनी जुनी पुस्तकं खोडली नाहीत. त्याच जगात उभं राहून त्याच जगाला प्रश्न विचारले.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल बुक फाउंडेशनने त्यांना सन्मानपदक दिलं. साहित्याच्या दाराबाहेर वर्षानुवर्षं ठेवलेल्या फॅन्टसी आणि विज्ञानकथेच्या लेखकांना त्यांनी त्या मानात वाटेकरी करून घेतलं.

मित्रहो, तुम्हालाही नकार येतील: नोकरीत, संशोधनात, कलेत. तेव्हा आधी तपासा, काम कच्चं आहे की जागा चुकली आहे. कच्चं असेल तर पुन्हा बसा. जागा चुकली असेल तर दुसरी शोधा, भले तिला प्रतिष्ठा नसो. आणि नाव झाल्यावर, टाळ्या चालू असताना, स्वतःच घालून दिलेले नियम एकदा उलटतपासा. ती परीक्षा कुठलंही विद्यापीठ घेत नाही. तिची तारीख तुम्हीच ठरवायची आहे.