रक्ताचा कर्करोग : नवे उपाय, जुनी अडचण



रक्ताचा कर्करोग म्हटलें कीं घरचीं माणसें अजूनहि हातपाय गाळून बसतात. ही भीति एके काळीं निराधार नव्हती. पूर्वीं हा रोग जडलेलें मूल कांहीं आठवड्यांत वा महिन्यांत दगावत असे. १९४८ सालीं बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनीं सोळा मुलांस ॲमिनोप्टेरिन हें औषध दिल्याची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकीं दहांस तात्पुरता उतार पडला. तें औषध सिद्ध करणाऱ्या संशोधकांचे प्रमुख आपलेच डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. उतार टिकला नाहीं; परंतु वाट सांपडली.

पुढें एक दिशा नेमकेपणाची निघाली. जुनीं औषधें निरोगी व रोगी पेशींत फारसा भेद करीत नाहींत. म्हणून केस गळतात, तोंड येतें. रक्तकर्काच्या एका प्रकारांत मात्र दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होऊन एक विकृत प्रथिन निर्माण होतें, व तें पेशींस अखंड वाढीचा हुकूम देत राहतें. त्या प्रथिनासच निष्क्रिय करणारी इमॅटिनिब ही गोळी अमेरिकेंत २००१ सालीं मान्य झाली. असाध्य रोग मधुमेहाप्रमाणें सांभाळण्याजोगा झाला.

दुसरी दिशा देहाच्या सैन्यास शिकविण्याची. रुग्णाच्या रक्तांतील टी-पेशी काढून, त्यांस कर्कपेशी ओळखण्याची शक्ति प्रयोगशाळेंत देऊन, त्या पुनः त्याच्याच देहांत सोडतात. पवईची आय. आय. टी. व टाटा स्मारक केंद्र यांच्या परिश्रमांतून निघालेल्या अशा उपचारास ऑक्टोबर २०२३ मध्यें परवानगी मिळाली. इतर उपाय हरल्यावर तो योजितात. चांचणींत सुमारें ७३ टक्के रुग्णांस गुण आला. परदेशीं यास तीन-चार कोटि रुपये पडतात. येथें सुमारें एक-दशांश. परंतु तेवढेहि मध्यम स्थितीच्या गृहस्थास झेपत नाहींत.

खरी मेख येथेंच आहे. शोध लागणें निराळें आणि तो रुग्णाच्या दारीं पोंचणें निराळें. इमॅटिनिबचा मूळ कंपनीचा भाव महिन्यास सव्वा लाखाच्या घरांत होता. देशी गोळी आठ-दहा हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या कंपनीस पेटंट नाकारलें, म्हणून ती स्वस्त गोळी टिकली. न्यायासनाचा निकाल हाहि उपचाराचाच भाग ठरला.

आपल्या छत्रपती संभाजीनगरांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ पासून, व शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ पासून आहे. त्यापूर्वीं मराठवाड्यांतील पुष्कळांस मुंबईची वाट धरावी लागे. आणि लांबचा प्रवास, राहण्याचा खर्च व बुडालेली मजुरी यांपायीं उपचार मध्येंच सुटत. मुलांच्या रक्तकर्कांत तर हें फार घातक. तज्ज्ञांच्या हातीं आज यांतील बहुसंख्य मुलें बरीं होतात. मात्र दोन-अडीच वर्षांचा उपचार पुरा व्हावा लागतो.

म्हणून मूल पांढुरकें पडलें, ताप हटेना, कारणावांचून अंगावर निळे डाग उठूं लागले, तर अंगारे-धुपारे करीत बसूं नये. साधी रक्ततपासणी प्रथम करावी. पेशींस शिकविणारें शास्त्र कितीहि पुढें जावो, पहिलें पाऊल घरच्यांनींच उचलावयाचें असतें.