घंटा आणि खांदे
(दरेकसा येथील भाषण)



कचारगडाच्या पायथ्याशीं मी आज स्पेन देशांतील एका मशिदीची हकीकत सांगणार आहे. ती आतां ख्रिस्ती देऊळ आहे. मुसलमानास तेथें नमाज पढूं देत नाहींत.

कॉर्डोवा शहरांत पहिल्या अब्दुल रहमानानें ती इ. स. ७८५ च्या सुमारास बांधावयास घेतली. १२३६ सालीं राजा तिसरा फर्डिनंड यानें शहर जिंकलें व मशिदीचें चर्च झालें. हें परक्या मुलखांतलेंच नवल नव्हे. बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या लेण्यांतील शिवालयाचें पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत असेंच चर्च केलें. राज्य फिरलें कीं देवाचें घरही फिरतें!

परंतु राजांचे पोवाडे गाण्यास मी आलों नाहीं. ९९७ सालीं मन्सूर नांवाच्या मुसलमान सेनापतीनें सांतियागो येथील चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवर लादून कॉर्डोव्यास आणविल्या. पुढें फर्डिनंडानें त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत धाडल्या, असें जुने बखरकार लिहितात. घंटा त्याच, धर्म दोन. खांदा मात्र दोन्ही वेळां हरलेल्या गरिबाचा. त्या कैद्यांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत.

बरें, बाटविलेल्या इमारतीची डागडुजी कोणीं करावी? १२६३ सालीं राजा दहावा आल्फोन्सो यानें फर्माविलें कीं, शहरांतील मुसलमान कारागिरांनीं सालांतून दोन दिवस तेथें राबावें. याला आपल्याकडे वेठ म्हणतात; ती काय चीज आहे हें जुन्या माणसांना सांगावयास नको.

१५२३ सालीं बिशपानें मशिदीचा मध्यभाग पाडून तेथें उंच चर्च बांधण्याचा घाट घातला. नगरसभेला तें रुचलें नाहीं. तिनें दवंडी पिटविली कीं, पाडकामास हात लावील त्याला देहान्त शासन. कोणाला? बिशपाला नव्हे हो, गवंड्याला व मजुराला! अखेर बादशहा पांचवा चार्लस यानें बिशपाचा पक्ष घेतला आणि काम झालें. भोंवतीं मशिदीच्या कमानी, मधोमध चर्च, असा देखावा आजही आहे.

एकाच घरांत निरनिराळ्या धर्मांचीं माणसें गोडीनें नांदावींत, असें ज्योतीरावांनीं लिहिलें. तेथें घंटा वाहण्यास कैदी लागत नाहींत.

माघी पौर्णिमेस कचारगडीं दूरदूरचे गोंड बांधव येतात. उद्यां कोणी नवी पाटी, नवा पुजारी घेऊन त्या गुहेकडे निघाला, तर त्यास इतकेंच विचारा : बाबा रे, दगड कोणाच्या डोक्यावरून चढविणार, आणि मजुरी किती देणार?