परक्या दगडाची साक्ष



आपण मला या सभेच्या अध्यक्षाच्या आसनावर बसविलेत. माझ्याहून अधिक अधिकारी मंडळी समोर बसलेली असताना हा मान मी स्वीकारला, त्याचे कारण एवढेच की माझ्या नोकरीची पहिली नऊ वर्षे या घुग्घुसच्या धुळीत गेली आणि या गावाचे बोलावणे मला मोडवले नाही. अध्यक्षाने वर्षभरातील संशोधनाचा परामर्श घ्यावा असा प्रघात आहे, आणि त्यासाठी मी टिपणेही केली होती. वर्धेच्या खोऱ्यातील कोळशाचे थर, पैनगंगेचा चुनखडक, सुरजागडचे लोहखनिज, सिरोंच्याकडील जीवाश्म या सर्वांवर निबंध वाचले जाणार आहेत. ते आपण ऐकालच. मला मात्र एका मुठीत मावणाऱ्या दगडाविषयी बोलावयाचे आहे, आणि ते बोलण्यासाठी मी फार वर्षे थांबलो आहे.

आपल्या पायांखाली पस्तीस-चाळीस किलोमीटर जाडीचे भूकवच आहे आणि त्याखाली प्रावरण, हे शाळेतील मुलालाही ठाऊक असते. पण त्या प्रावरणापर्यंत मनुष्याचा हात अद्याप पोहोचलेला नाही. रशियातील कोला द्वीपकल्पावर जगातील सर्वांत खोल छिद्र खणले गेले, ते 12,262 मीटरांवर 1989 साली थांबले, म्हणजे त्या कवचाचाही एक तृतीयांश भागच भेदून. कोयनेच्या परिसरात आपण तीन किलोमीटर गेलो. या खोऱ्यात कोळशासाठी आम्ही जी भोके पाडली, त्यांची खोली काही शे मीटरांची. अशा स्थितीत पृथ्वीच्या पोटातील मुलुखाचा प्रत्यक्ष पुरावा कोणता, असे विचाराल तर तो मुख्यतः एकच: खोलवरून वर उसळणाऱ्या शिलारसाने वाटेत उखडून, न वितळविता, तसाच वर आणून टाकलेला खडकाचा तुकडा. त्यास शास्त्रात झेनोलिथ, म्हणजे परका दगड म्हणतात. आणि 1894 साली भूशास्त्रज्ञ सोलास यांनी दिलेले हे नाव मला नेहमीच समर्पक वाटत आले आहे, कारण ज्या खडकाच्या घरात तो राहतो तो त्याचा जन्मदाता नव्हे.

हा परका दगड किती बोलका असतो! तो पेरिडोटाइट असेल तर त्याचा बहुतांश हिरवट ऑलिव्हीनचा असतो. त्यात स्पिनेल असले तर तो उथळ प्रावरणातला, गार्नेट असले तर अधिक खोलवरचा. आणि शेजारी शेजारी वाढलेल्या दोन पायरॉक्सिनांत कॅल्शियमची वाटणी कशी झाली आहे हे मोजले, की तो दगड किती उष्णतेत नांदत होता याचा दाखला मिळतो. तो किती वेगाने वर आला, हेही तोच सांगतो. पेरिडोटाइटची घनता सुमारे 3.3, भोवतालच्या शिलारसाची त्याहून बरीच कमी. तो रस संथपणे चढला असता तर असा जड तुकडा वाटेतच तळाशी बसला असता. तो वर पोहोचला, सबब तो प्रवास तासांत किंवा फार तर दिवसांत झाला असला पाहिजे. आणि 2014 साली ब्राझीलमधील जुइना येथील, असाच खोलवरून वर आलेल्या एका क्षुल्लक, मळकट हिऱ्याच्या पोटात रिंगवुडाइट नावाचे खनिज सापडले, त्यात वजनाने दीड टक्क्याच्या आसपास पाणी होते. चारशे किलोमीटरांहूनही खाली पाणी साठलेले असू शकते, हे जगाला त्या कणाने सांगितले.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशातले. चंद्रपूर-गडचिरोलीचा त्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो आपण विसरलो आहोत याचेच मला दुःख आहे. आरमोरीजवळच्या वैरागडला हिऱ्यांच्या खाणी होत्या. अकबराच्या काळच्या ऐन-इ-अकबरीत त्यांची नोंद आहे. आज तिथे किल्ला पाहावयास माणसे जातात, हिऱ्यांची आठवण क्वचित कोणाला होते. हिरा सुमारे दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल जागीच स्थिर राहतो, म्हणजे वैरागडच्या खडीत सापडलेला प्रत्येक हिरा हा तेवढ्या खोलीचा, सही-शिक्क्यासह आलेला दस्तऐवज होता. आपल्या पूर्वेस, याच बस्तरच्या प्राचीन भूखंडावर, छत्तीसगडातील मैनपूरजवळ बेहराडीह आणि पायलीखंड येथे हिरे वाहून आणणाऱ्या खडकांच्या नळ्या सापडल्या, आणि त्यांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे, म्हणजे दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच काळाचे निघाले. वैरागडच्या हिऱ्यांना वर आणणारी नळी मात्र अजून कोणाच्या हाती लागलेली नाही.

आमच्या क्षेत्रात एक वाद पंधरा-वीस वर्षे चालला आहे. भूकंपतरंगांचा अभ्यास करणारे काही विद्वान 2007 साली म्हणाले, की भारतीय भूखंडाचे मूळ अवघे शंभर किलोमीटर जाड आहे. हिऱ्यांचे अभ्यासक म्हणतात, ते पूर्वी तरी त्याहून खोल होते. दोन्ही पक्षांचे निबंध मी वाचले, आकडे तपासले, आणि अखेर माझे समाधान एका ड्रिल मिस्त्रीने केले, ज्याने शाळा पाचवीत सोडली होती. घुग्घुसजवळच्या एका भोकावर रात्रपाळीत आम्ही दोघे बसलो होतो. रॉडचा आवाज बदलला तसा मी म्हणालो, "मिस्त्री, वाळूखडक संपला वाटते, लिहून टाका." ते म्हणाले, "आवाज मला तुमच्या आधी समजला साहेब, पण वहीत मी कोअर हाती आल्यावरच लिहितो." तरंग हा आवाज आहे. तो आजची हकीकत सांगतो, आणि तीही दुरून. दगड मात्र ज्या दिवशी निघाला त्या दिवसाची कैफियत अंगावर घेऊन येतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मूळ खोल होते आणि आज ते झिजले आहे, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. पण त्यातले पहिले केवळ दगडाच्या आधाराने करता येते, हे माझे ठाम मत आहे.

आता माझी फिर्याद. रायगड जिल्ह्यात मुरूड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर, दख्खनच्या लाव्ह्याचे थर छेदून वर आलेल्या लँप्रोफायरच्या भित्ती आहेत आणि त्यांत असे परके दगड आहेत, हे देसाई आणि बोडस यांनी 1984 साली एका निबंधात दाखवून दिले. तो निबंध वाचून मी रजा काढली आणि ओहोटीच्या वेळा साधत तेथे चार दिवस काढले. बारा गोटे मिळाले. काही ग्रॅन्युलाइट, म्हणजे कवचाच्या तळचे, आणि काही काळसर पायरॉक्सेनाइट. एका ज्येष्ठांचा आग्रह होता की हे पायरॉक्सेनाइट त्याच शिलारसातून साकळलेले आहे, परके नव्हेच. मी पातळ छेद करवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तेव्हा त्यातील स्फटिक वाकविलेल्या पत्त्यांच्या जोडासारखे मुडपलेले दिसले. नुकत्याच साकळलेल्या स्फटिकाला असे वाकण्यास अवधी मिळत नाही. तो दगड घट्ट होऊन, दीर्घकाळ दाबाखाली राहून, मग उचलला गेला होता. त्या ज्येष्ठांनी छेद पाहिला आणि त्या दिवसानंतर तो विषय काढला नाही.

त्यांपैकी अकरा गोटे, प्रत्येकावर क्रमांक घालून, जागेचा नकाशा आणि यादीसह, मी एका कार्यालयाच्या भांडारात रुजू केले, पावतीही घेतली. सात वर्षांनी ते पुन्हा पाहावयास गेलो, तेव्हा इमारतीची दुरुस्ती झाली होती. भांडारपालाने सौजन्याने सांगितले की जुने दगड जोत्याच्या भरावात घातले. यादी दप्तरात होती, पावतीची स्थळप्रत होती. दगड तेवढे नव्हते. त्या भरावावर आज फरशी आहे.

हे एकदा घडले असते तर मी बोललो नसतो. कोळशाच्या कामात कोळसा असलेला कोअर तपासणीला जातो आणि उरलेला "नुसता दगड" म्हणून टाकला जातो, हे मी या खोऱ्यात डोळ्यांनी पाहिले आहे, आणि तरुण वयात, हे कबूल केले पाहिजे, त्या टाकण्याच्या हुकमांवर मीही सह्या केल्या आहेत. ज्या थराला आज किंमत नाही, त्याला उद्याच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असू शकते, एवढा साधा विचार तेव्हा मला सुचला नाही. याउलट, मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकात नागपूरच्या दक्षिणेस मांगलीला मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी इंग्लंडला पाठविली, रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स हे नाव दिले, आणि दीडशेहून अधिक वर्षांनंतरही तिचा अभ्यास चालू आहे. आपल्या भूमीचा पुरावा पाहावयास लंडनला जावे लागते, यात लंडनचा दोष नाही. त्यांनी तो जपला.

पुढील कार्याविषयी अध्यक्षाने काही सांगावे अशी अपेक्षा असते. वैरागडची खडी आणि तिथल्या सातनाल्याचे पात्र आधुनिक रीतीने पुन्हा चाळावे, गार्नेटचे कण वेगळे करावे, त्यांचा माग घेत नळीकडे जावे. तपशील तरुणांनी ठरवावा. 2011 साली स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने आणि येथील खाणींनी मिळून या दोन जिल्ह्यांच्या खडकांसाठी एक कोठार उभारावे. इमारत मोठी नको. छप्पर गळू नये, नोंदवही असावी, आणि तेथील दगड तीन जाणत्यांच्या लेखी संमतीवाचून कोणास बाहेर टाकता येऊ नये.

त्या बारा गोट्यांपैकी जो एक मी घरी ठेवला होता, तो आज आणला आहे. बाहेरच्या टेबलावर आहे. कोठार उभे राहील त्या दिवशी तो तेथे देईन. जाताना प्रत्येकाने तो हातात घेऊन पाहावा, आणि परत ठेवताना त्याखालचा नोंदीचा कागद त्याच्याखालीच राहील एवढे पाहावे.