दाढा मोजा, मग नकाशा काढा

सुरुवातीलाच दोघांना उंदीर-खारींच्या रांगेतून बाहेर काढतो. ससा कृंतक नाही आणि तुमच्या मोरीतली चिचुंद्रीही नाही. कृंतक म्हणजे वर दोन आणि खाली दोन पटाशीचे दात, तेही जन्मभर वाढणारे. सुळे नाहीत; पटाशीपासून दाढांपर्यंत मोकळी जागा. सस्तन प्राण्यांच्या सुमारे ६,५०० जातींपैकी २,५०० च्या आसपास या एकाच गणात येतात.

एवढा पसारा लावायचा कसा? एकोणिसाव्या शतकात जबड्याचे स्नायू पाहून खारी, उंदीर आणि साळिंदर असे तीन कप्पे केले गेले. सोयीचे होते, पण फसवेही निघाले. कारण चावण्याची तीच रचना वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे घडलेली आहे. साळिंदराच्या कप्प्याने मात्र एक मोठी गोष्ट उघड केली. आपलं साळिंदर आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यातला कॅपिबारा हे लांबचे भाऊबंद. कॅपिबाराचे पूर्वज सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेकडून, बहुधा वाहून चाललेल्या झाडोऱ्यावर, अटलांटिक ओलांडून गेले असं मानतात. अटलांटिक तेव्हा आजच्याहून अरुंद होता, पण तरीसुद्धा!

मला याहून नवल वाटतं ते सह्याद्रीतल्या एका वीतभर प्राण्याचं. कर्नाटकाच्या दक्षिण भागापासून केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांपर्यंत, सदाहरित रानात तो झाडाच्या ढोलीत राहतो आणि रात्री बाहेर पडतो. पाठीवर केसांत चपटे काटे, शेपटीला झुपका. काळी मिरी खातो, म्हणून मळेवाल्यांचा त्याच्यावर राग. १८५९ मध्ये एडवर्ड ब्लाइथ यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. दिसायला युरोपातल्या डॉरमाउससारखा, म्हणून अभ्यासकांनी त्याला त्या घराण्यात टाकलं. इंग्रजी नावात तो अजून डॉरमाउसच आहे. पण दाढा मोजा. डॉरमाउसला जबड्याच्या प्रत्येक बाजूला चार, याला तीन. जनुकांनीही पुढे उंदरांच्याच बाजूने कौल दिला, तोही फार जुन्या, वेगळ्या फुटलेल्या फांदीचा.

मग याचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग कुठे? दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामच्या डोंगरांत. डोळे जवळजवळ निकामी, स्वतःच्याच सूक्ष्म आवाजाच्या प्रतिध्वनीवर फांद्या चाचपत फिरणारा उंदीर! मधल्या हजारो किलोमीटरच्या प्रदेशात या घराण्याचं कोणी नाही. सह्याद्रीतल्या जातीच्या कुळातले जीवाश्म मात्र चीनच्या युनान प्रांतात सापडले आहेत. म्हणजे हे घराणं एके काळी बरंच पसरलेलं होतं. आज त्याची दोन टोकं तेवढी उरली. डॉरमाउस म्हणून त्याची नोंद कायम राहिली असती, तर आपण याचे नातलग युरोपात शोधत बसलो असतो.

आता आपल्या शेकरूकडे येतो. या महाखारींच्या चार जाती. एक श्रीलंका आणि दक्षिण भारतातली, दोन ईशान्य भारतापासून बोर्निओपर्यंतच्या पट्ट्यातल्या, आणि आपली चौथी, फक्त भारतातली. रंगावरून तिचे पोटप्रकार पाडले गेले. गुजरातेतल्या डांगच्या रानातला फिकट प्रकार नामशेष झाला असं मानतात. भीमाशंकरचं शेकरूही जगावेगळा पोटप्रकार आहे असं आपण अभिमानाने सांगतो. १८३१ मध्ये कर्नल साइक्स यांनी या भागातल्या शेकरूला वेगळं नाव दिलं होतं, हे खरं. पण पुढच्या अभ्यासकांनी ते नाव सह्याद्रीतल्या इतर शेकरूंमध्येच जमा केलं. त्याने बिघडलं काय? संरक्षणासाठी जगावेगळं असण्याची अट नसते.

शेकरूची खरी अट वेगळी आहे. ते सहसा जमिनीवर उतरत नाही. सहा मीटरच्या आसपास झेप घेतं, त्याहून मोठी फट पडली की त्याचा मुलूख तिथेच संपतो. भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये मुख्यतः त्याच्यासाठी झालं, पण अभयारण्याची हद्द कागदावर असते आणि फट झाडांत पडते. तुमच्या गावच्या घाटरस्त्याच्या रुंदीकरणावर हरकती मागवल्या, तर एवढं तरी लिहून द्या: रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या फांद्या जिथे एकमेकींना भिडतात, तिथली झाडं तोडू नका.